अकरा रुपयांची खोली आणि चौदावा मजला

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं पुण्यात घर शोधत होतो. आठ रविवार, तेवीस फ्लॅट. शेवटी दोन उरले.

पहिला पुनावळ्याला. चौदावा मजला, बांधकाम अजून चालू, ताबा तीन वर्षांनी. सॅम्पल फ्लॅटमध्ये एसी, कॉफी, आणि बाल्कनीतून पुढे कधीतरी दिसणार असलेल्या डोंगराचं भलंमोठं पोस्टर. दुसरा कोथरूडला. १९८४ सालची चार मजली इमारत, लिफ्ट नाही, आपण दुसऱ्या मजल्यावर. जिन्यात सायकली आणि कुंड्या, बाथरूमच्या छताला एक ओलसर डाग. दोन्हींची किंमत जवळपास सारखी, त्यामुळे ईएमआयही जवळपास सारखा. नवऱ्याचं ऑफिस हिंजवडीला आणि माझं डेक्कनला, त्यामुळे तिथेही बरोबरी.

मित्रमैत्रिणींना विचारलं. अर्धे म्हणाले, "नवीनच घ्या, जुन्यात कटकटी फार." उरलेले म्हणाले, "जुना घ्या, आज ना उद्या रीडेव्हलपमेंटला जाईल. लॉटरी आहे ती." ठामपणा दोन्हीकडे भरपूर. पुरावा मात्र कुणाकडेच नव्हता.

मग आजीला विचारलं. आजी त्र्याऐंशीची आहे, आणि तिच्या आयुष्यात तीन घरं झाली. तिने उत्तर दिलंच नाही. कपाटातून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला आणि माझ्या हातात दिला. "हे वाच आधी. इतिहास शिकलीस ना तू?"

डब्यात भाड्याच्या पावत्या होत्या. पहिली १९६१ सालच्या ऑगस्टची, शेवटची १९८९च्या मार्चची. अठ्ठावीस वर्षांत शाई बदलली, कागद बदलला, सही करणारा हात बदलला, कारण मालक गेले आणि त्यांचा मुलगा सही करू लागला. एक गोष्ट मात्र बदलली नाही. प्रत्येक पावतीवर आकडा तोच: अकरा रुपये.

वाड्याचा कोणता भाग पडला?

पावत्या ऑगस्ट १९६१ पासूनच का? कारण त्याआधीच्या वाहून गेल्या.

आजी लग्न होऊन शनिवार पेठेतल्या वाड्यात आली ती १९६० साली. शनिवारवाडा हाकेच्या अंतरावर. वाड्याचा पुढचा भाग जुना होता. घडीव दगडाचं जोतं, त्यावर सागवानी खांब आणि तुळया, चुन्यात बांधलेली वीट. मागचा भाग बऱ्याच नंतरचा, भाडेकरू ठेवता यावेत म्हणून स्वस्तात वाढवलेला. मातीच्या भिंती, वर पत्रे. आजी-आजोबांची खोली मागे, तळमजल्यावर होती.

१२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेतचं धरण फुटलं. धरणाचं काम पुरतं संपलंही नव्हतं आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यात पाणी साठवलं होतं. तो लोंढा खालच्या खडकवासल्यावर आला आणि तेही धरण फुटलं. मुठेचं पाणी नदीकाठच्या पेठांत शिरलं. आजी आणि आजोबा पुढच्या भागाच्या माडीवर चढले, म्हणून वाचले. आजी सांगते, "भिंत पडताना आवाजसुद्धा झाला नाही गं. साखरेचा खडा चहात बसतो ना, तशी बसली."

मातीच्या भिंती त्या दिवशी पुण्यात जागोजाग अशाच बसल्या. मातीत बांधलेली भिंत पावसाच्या सरी सोसते, पण तासन् तास पाण्यात उभी राहिली की विरघळते. चुना तसा विरघळत नाही. वाड्याचा पुढचा भाग चिखलाने भरला, त्याच्या दारं-चौकटी फुगल्या, पण तो उभा राहिला.

म्हणजे एकाच वाड्यातला नवा भाग पडला आणि जुना राहिला.

यावरून लगेच "जुनं ते सोनं" म्हणायचा मोह होतो. पण तो आवरायला किल्लारी पुरेशी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादच्या गावांत जी घरं माणसांवर कोसळली, त्यांत पिढ्यान् पिढ्यांची घरं होती. जाड दगडी भिंती, जोडायला नुसती माती, आणि डोक्यावर माळवदाचं ओझं. घरं दिसायला भक्कम होती, पण हादऱ्याने दगड एकमेकांना सोडून गेले.

आणि "नवं ते पक्कं" म्हणावं, तर २६ जानेवारी २००१ आठवावा. भूकंपाचं केंद्र कच्छमध्ये, शेकडो किलोमीटर लांब. तरीही अहमदाबादमध्ये अनेक नव्याकोऱ्या बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या बऱ्याच इमारतींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा सोडलेला होता. वर खोल्यांच्या भिंती, खाली नुसते खांब. हादरा बसल्यावर सगळा ताण त्या खांबांवर आला आणि त्यांना तो पेलला नाही.

वाडा, किल्लारी, अहमदाबाद. तिन्ही ठिकाणी घराचं वय निर्णायक नव्हतं. भिंत कशाने जोडली आहे, वजन कुठे आहे आणि ते कोण पेलतंय, हे निर्णायक होतं. आठ रविवारांत आम्ही प्रत्येक एजंटला इमारत किती वर्षांची ते विचारलं होतं. हा दुसरा प्रश्न एकालाही विचारला नव्हता.

अकरा रुपयांत किती कौलं येतात?

पुरानंतर मालकांनी आजी-आजोबांना पुढच्या भागातली माडीवरची खोली दिली. भाडं तेच, अकरा रुपये. मालक सज्जन होते हे खरं, पण भाडं न वाढण्याचं कारण त्यांचा सज्जनपणा नव्हता. कारण कायदा होता.

पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत घरं अपुरी पडली, भाडी भडकली, आणि १९१८ साली भाडं रोखणारा पहिला कायदा आला. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर पुन्हा तसाच कायदा आला. मग १९४७चा भाडे नियंत्रण कायदा. फाळणी, महागाई, शहरांकडे येणारे लोंढे, अशा काळात भाडेकरूला रस्त्यावर येण्यापासून वाचवणं गरजेचंच होतं. कायद्याने भाडं मोटामोटी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकलं. कायदा तात्पुरता होता. त्याची मुदत पुन्हापुन्हा वाढत गेली आणि तो पन्नास वर्षं टिकला.

या पन्नास वर्षांत काय झालं ते आजीच्या एका आठवणीत सापडतं. १९७४च्या पावसाळ्यात माडी गळायला लागली. आजोबा मालकांकडे गेले.

"काका, कौलं बदलायला हवीत."

मालकांनी पावतीपुस्तक उघडून दाखवलं. "तुम्हीच सांगा, तुमच्या वर्षभराच्या भाड्यात किती कौलं येतील? आणि गवंड्याची मजुरी?"

आजोबांकडे उत्तर नव्हतं. स्वतःचे पैसे घालून कौलं बदलावीत, तर घर आपलं नाही. मालकांनी बदलावीत, तर त्यातून त्यांना काही मिळणार नाही. शेवटी खाली बादली ठेवली. ती बादली पुढची पंधरा पावसाळे तिथेच होती.

वाडे म्हातारे झाले म्हणून पडले, असं आपण सहज म्हणतो. पण सागवान आणि चुना यांना नियमित देखभाल मिळाली, तर दोनशे वर्षं हा काही फार मोठा काळ नाही. दुसऱ्या बाजीरावाने १८०७च्या सुमारास बांधलेला विश्रामबागवाडा आजही बाजीराव रस्त्यावर उभा आहे. त्याचा काही भाग आगीत गेला, तो पुन्हा बांधला गेला. तिथे संस्कृत पाठशाळा भरली, पुढे शाळा आली, महापालिकेची कार्यालयं आली, टपाल कार्यालय आलं. कायम कुणी ना कुणी ते छप्पर वापरत होतं आणि ते गळलं तर दुरुस्त करणं हे कुणाचं तरी काम होतं. आजीच्या वाड्यात लाकूड तेच होतं आणि चुनाही तोच. दुरुस्ती करणं हे मात्र कुणाचंच काम उरलं नव्हतं.

मुंबईत हाच पेच इतका मोठा होता की सरकारला मध्ये पडावं लागलं. दर पावसाळ्यात इमारती पडत होत्या. १९६९च्या कायद्याने जुन्या भाड्याच्या इमारतींवर उपकर बसवला गेला आणि त्यातून दुरुस्ती करणारं मंडळ उभं राहिलं. तेव्हा मुंबई शहरात अशा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. पुण्याच्या वाड्यांना तसलं मंडळ मिळालं नाही.

१९९७च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की भाडं गोठवणाऱ्या या तरतुदी एकेकाळी योग्य होत्या, पण काळ लोटल्यावर त्या मनमानी ठरल्या आहेत. मग १९९९चा नवा कायदा आला. तो २०००च्या मार्चअखेर लागू झाला आणि जुन्या भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ करायची मुभा मिळाली. अकरा रुपयांचे चार टक्के म्हणजे चव्वेचाळीस पैसे. आजी तोवर वाड्यातून बाहेर पडली होती.

स्लॅब आला

गोठलेल्या भाड्याचा आणखी एक परिणाम झाला, आणि त्यातूनच तुमचा-माझा फ्लॅट जन्माला आला. भाड्याने द्यायला घर बांधणं परवडेना, तेव्हा पैसेवाले लोक घरं बांधून विकू लागले. सहकारी गृहनिर्माण संस्थेची कल्पना तशी जुनी. मुंबईत गावदेवीची सारस्वत सोसायटी १९१५ सालची. पण बिल्डरने इमारत बांधायची आणि एकेक मजला वेगवेगळ्या कुटुंबांना विकायचा, हा व्यवहार स्वातंत्र्यानंतर इतका वाढला, आणि त्यात फसवणूक इतकी होऊ लागली, की १९६३ साली महाराष्ट्राला मालकी हक्काच्या फ्लॅटचा वेगळा कायदा करावा लागला. सामान्य लोकांच्या तोंडी तो 'मोफा' झाला.

पुण्यात या बदलाला पुराने धक्का दिला. पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या, गोखलेनगरसारख्या भागात अर्धगोल छपरांच्या निसन हट आल्या, शहर नदी ओलांडून पसरत गेलं. ज्यांनी भिंत विरघळताना पाहिली होती, त्यांना सिमेंट म्हणजे देवमाणूस वाटलं. आजी म्हणते, "कुणाचं घर कसं आहे विचारलं, की 'स्लॅबचं आहे' एवढंच सांगायचे. त्यातच सगळं आलं."

स्लॅबला मरण नाही, असा तेव्हा समज होता. प्रत्यक्षात काँक्रीटही म्हातारं होतं, फक्त ते आतून. ताजं काँक्रीट आतल्या सळईला गंजू देत नाही. पण वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी हळूहळू आत झिरपतं, आणि सळईभोवतीचं ते संरक्षण संपतं. मग सळई गंजते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो काँक्रीटला आतून ढकलतो. छताचा पोपडा पडतो तो असा. सळईवर काँक्रीटचं आवरण किती जाड आहे, सिमेंट किती आणि पाणी किती होतं, गच्ची आणि पाइप गळतात का, यावर हे दहा वर्षांत होणार की साठ, ते ठरतं.

इथे जुन्या फ्लॅटवाल्यांनी एक गोष्ट मान्य करायला हवी. १९८२ सालापर्यंत सिमेंटची किंमत आणि वाटप दोन्ही सरकारच्या ताब्यात होतं. परमिटशिवाय सिमेंट नाही, आणि परमिटवरचं पुरत नाही. त्या काळात बांधलेल्या प्रत्येक इमारतीत सिमेंट कमी आहे असं नाही, पण शंका घ्यायला जागा आहे. शिवाय काँक्रीटच्या भारतीय मानकात २००० साली सुधारणा झाली. आधी सळईच्या बांधकामाला एम १५ दर्जाचं काँक्रीट चालत असे, नंतर किमान एम २० लागू झालं. सळईवरच्या आवरणाचे नियमही कडक झाले. म्हणजे नीट बांधलेली आजची इमारत कागदावर तरी १९८४च्या इमारतीपेक्षा जास्त टिकायला हवी. नव्याच्या बाजूने हा खरा मुद्दा आहे, पोस्टरवरच्या डोंगरापेक्षा खूपच वजनदार.

दुसरा खरा मुद्दा रेराचा. १ मे २०१७ पासून राज्यात महारेरा काम करू लागलं. बिल्डरला कार्पेट क्षेत्रफळावरच घर विकावं लागतं, ग्राहकांकडून आलेल्या पैशातले सत्तर टक्के त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावा लागतो. १९८४ साली घर घेणाऱ्याला यातलं काहीही नव्हतं.

बाबांनाही नव्हतं.

जमीन कुणाच्या नावावर?

१९८९ साली बाबांनी कर्वेनगरला फ्लॅट घेतला. तीन मजले, बारा कुटुंबं. आजी-आजोबा वाडा सोडून तिथे राहायला आले. गळणाऱ्या माडीतून आल्यावर ते घर म्हणजे स्वर्ग. मी तिथेच जन्मले.

चार वर्षांपूर्वी इमारतीच्या खांबांना उभे तडे गेले, तेव्हा सभासदांनी रीडेव्हलपमेंट करायचं ठरवलं. बिल्डर आले, चहा झाला, प्रत्येकाने एकच कागद मागितला. प्रॉपर्टी कार्ड. त्यावर सोसायटीचं नाव नव्हतं. मूळ जमीनमालकाचं होतं.

मोफा कायद्याच्या नियमांप्रमाणे सोसायटी नोंदवल्यापासून चार महिन्यांत जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून द्यायची असते. ज्याने आमची इमारत बांधली त्याने ते केलं नाही. बारा कुटुंबांपैकी कुणी विचारलंही नाही, कारण चावी हातात होती. बाबांनी तेहेतीस वर्षं ज्याला "माझं घर" म्हटलं, त्यात त्यांच्या नावावर हवेतली एक पेटी होती. खालची जमीन नव्हती.

असा प्रकार राज्यात इतक्या ठिकाणी झाला, की २००८ साली कायद्यात बदल करून मानीव अभिहस्तांतरणाची सोय करावी लागली. बिल्डर किंवा जमीनमालक सही करत नसेल, तर सोसायटीने उपनिबंधकाकडे अर्ज करायचा, सुनावणी होते, आणि सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाने जमीन सोसायटीच्या नावे होऊ शकते. बाबांच्या सोसायटीने तो अर्ज केला आहे. मूळ मालकाच्या वारसांनी हरकत घेतली आहे. खांबांना टेकू लावले आहेत. बाबा आता सत्तरीला आले आहेत आणि दर सुनावणीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून निघतात.

बाबांची फाइल वाचताना मला घराच्या किमतीचं गणित पहिल्यांदा नीट कळलं. आपण एक रक्कम देतो, पण विकत घेतो दोन वस्तू: बांधकाम आणि जमिनीतला वाटा. बांधकाम पहिल्या दिवसापासून झिजत जातं. मुद्रांक शुल्कासाठी सरकार जे मूल्य धरतं, त्यातही इमारतीच्या वयाप्रमाणे घसारा वजा होतो. वाढते ती जमिनीची किंमत. तीस वर्षांनी "घराची किंमत दहापट झाली" असं कुणी सांगतं, तेव्हा विटा दहापट महाग झालेल्या नसतात.

मग मी दोन्ही घरांचा हिशेब मांडला. कोथरूडचा प्लॉट १०,८०० चौरस फुटांचा, फ्लॅट सोळा. एकेका फ्लॅटच्या वाट्याला ६७५ चौरस फूट जमीन. पुनावळ्याचा प्रकल्प चार एकरांवर, म्हणजे १,७४,२४० चौरस फूट, आणि फ्लॅट ६४०. प्रत्येकी २७२. ईएमआय जवळपास सारखा, पण एका ठिकाणी जमीन अडीचपट, आणि तीही शहराच्या आत.

लॉटरीचं तिकीट

आता "जुना घ्या, लॉटरी आहे" या सल्ल्याकडे येऊ. ही लॉटरी कुठून आली?

एखाद्या जमिनीवर किती बांधता येईल, हे एफएसआय म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांकाने ठरतं. मुंबईत तो १९६४ साली आला. मग १९९१च्या विकास नियमावलीत सरकारने जुन्या उपकरप्राप्त इमारतींसाठी एक सोय केली. बिल्डरने रहिवाशांना नवं घर फुकट द्यायचं, त्या बदल्यात त्याला जास्तीचा एफएसआय मिळेल, ते जास्तीचे फ्लॅट विकून त्याने खर्च आणि नफा काढायचा. आज वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांचं घर मिळतंय, तेही याच तत्त्वावर. पुण्यासह बहुतेक राज्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये एकच विकास नियंत्रण नियमावली आली, आणि पुण्याच्या जुन्या सोसायट्यांतही बिल्डरांचे चहा सुरू झाले.

या व्यवहाराच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. रहिवाशांना फुकट मिळणाऱ्या घराचे पैसे नव्याने बांधता येणाऱ्या जास्तीच्या मजल्यांतून येतात. चार मजल्यांच्या जागी बारा उभे राहतात, तेव्हाच हे जमतं. नवे मजले बांधायला वावच नसेल, तर लॉटरीही नाही.

इथे पुनावळ्याचा चौदावा मजला मला वेगळा दिसू लागला. ती इमारत तिच्या जमिनीवर आज जे काही बांधता येतं ते सगळं वापरून उभी राहते आहे. पन्नास वर्षांनी तिची सळई गंजेल तेव्हा ६४० कुटुंबांना नवं घर कोण फुकट देणार? पुढचं सरकार एफएसआय वाढवेलही. पण त्यावर भिस्त ठेवून वीस वर्षांचं कर्ज काढायचं का? पुण्यात आज जुने फ्लॅट तगले आहेत, कारण आधीची पिढी बुटकं बांधून गेली. आपण पुढच्या पिढीसाठी तशी मोकळी हवा ठेवत नाही आहोत.

लॉटरी प्रत्येक जुन्या घराला लागते असंही नाही. एफएसआय रस्त्याच्या रुंदीवर ठरतो. अरुंद बोळातली इमारत मागे पडते. आणि आजीच्या वाड्याचं पाहा. २०१० साली संसदेने पुरातत्त्व कायद्यात बदल केला. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, आणि त्यापुढच्या २०० मीटरवर नियंत्रण. शनिवारवाडा हे संरक्षित स्मारक. तो १७३२ साली उभा राहिला आणि १८२८च्या आगीत आतून जळून गेला. त्याच्या दगडी तटाचं रक्षण करणाऱ्या नियमामुळे शेजारचे राहते वाडे परवानगी घेऊन दुरुस्त करता येतात, पण पाडून नवे बांधता येत नाहीत. आजीची माडी आजही टेकूंवर उभी आहे. तिथे राहणाऱ्या दोन कुटुंबांच्या हातात कुठलंही तिकीट नाही.

आम्ही काय विचारलं

जून लागल्यावर आम्ही दोन्हीकडे पुन्हा गेलो. या वेळी प्रश्न तीनच होते. जमीन कुणाच्या नावावर आहे किंवा होणार आहे? गळलं तर दुरुस्ती कुणी करायची आणि पैसे कुठून येणार? आणि वजन पेलणारे खांब कुणी तपासले आहेत का?

पुनावळ्याच्या सेल्सवाल्या मुलाने बऱ्याच गोष्टींची चांगली उत्तरं दिली. रेराचा नंबर दिला, आराखडे दाखवले. जमीन शेवटचा टॉवर झाल्यावर सगळ्या सोसायट्यांच्या शिखर संस्थेच्या नावे होणार होती. शेवटचा टॉवर कधी, ते त्याला सांगता आलं नाही. किमतीवर पाच टक्के जीएसटी वेगळा, जो रीसेलच्या घरावर नसतो.

कोथरूडला सोसायटीचे सेक्रेटरी काका भेटले. त्यांनी गोदरेजचं कपाट उघडलं आणि एक जाडजूड फाइल काढली. प्रॉपर्टी कार्ड सोसायटीच्या नावावर. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची बिलं, दोनदा. पाइप बदलल्याचं बिल. २०१९चा स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल, त्यात दोन खांबांची दुरुस्ती सुचवलेली आणि पुढच्याच वर्षी ती केल्याची पावती. आदर्श उपविधीत बांधकाम खर्चाच्या वर्षाला ०.७५ टक्के दुरुस्ती निधी आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंड घ्यायला सांगितलंय. बऱ्याच सोसायट्या ते पैसे मागायला लाजतात. काका लाजले नव्हते. "लोक शिव्या देतात मला," ते म्हणाले, "पण इमारत कोरडी आहे."

"मग बाथरूममधला तो डाग?" नवऱ्याने विचारलं.

"वरच्यांच्या नळाचा. त्यांना नोटीस दिलीय. या पावसाच्या आत होईल."

शेवटी एक काम उरलं होतं. जुलैच्या एका धो धो दिवशी आम्ही आजीला रिक्षाने तिथे घेऊन गेलो. दोन जिने ती थांबत थांबत चढली. हॉल, किचन, बाल्कनी यांतलं काही तिने बघितलं नाही. ती आधी छताकडे बघत राहिली. मग खिडकीशी गेली, आणि वरच्या छज्जावरून पडणारी पागोळी भिंतीला लागते की लांब पडते, ते कितीतरी वेळ पाहत उभी राहिली.

"लांब पडते," ती म्हणाली. मग बाथरूममध्ये जाऊन तिने त्या डागावर तळहात टेकवला. "हे वाळतंय."

आम्ही कोथरूडचं घर घेतलं. आमच्या जागी कुणी पुनावळ्याचं घेतलं असतं तर मी त्याला वेडा म्हणणार नाही. लहान मूल असेल, आईवडिलांना जिने चढवत नसतील, तर लिफ्टपुढे जमिनीचा वाटा फिका पडतो. आणि सेक्रेटरी काका पंचाहत्तरीचे आहेत. त्यांच्यानंतर ती फाइल कुणी सांभाळली नाही, तर आमच्या इमारतीचाही वाडा व्हायला वेळ लागणार नाही. म्हणून यंदाच्या वार्षिक सभेला मी कमिटीसाठी नाव दिलंय.

मेंटेनन्सची पहिली पावती ऑगस्टमध्ये आली. तीन हजार दोनशे रुपये. त्यात दुरुस्ती निधी वेगळा, सिंकिंग फंड वेगळा. मी ती आजीला दाखवली. तिने चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचली, आकडा बघून "बाप रे" म्हणाली, आणि पत्र्याचा डबा मागून पावती अकरा रुपयांच्या गठ्ठ्यावर ठेवली.